कानटोपीची पोच

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या तेराव्याला माझ्या सासूबाईंनी गुरुजींना एक प्रश्न विचारला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

गुरुजी दानाचं सांगत होते. समोर नवी कोरी गादी, उशी, तांब्या, छत्री, काठी आणि चपलांचा जोड मांडला होता. गेलेल्या माणसाच्या नावानं या वस्तू दिल्या की त्या त्याला पोचतात, पुढच्या वाटेवर उपयोगी पडतात, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला.

"पोच कोण देतं?"

"म्हणजे?"

"पोचतं म्हणालात ना? मग पोच यायला हवी. कुणाच्या सहीनं येते?"

गुरुजी हसले. "आजी, इथं श्रद्धा लागते."

"श्रद्धा आहे हो. पण आमच्या ऑफिसात श्रद्धेवर टपाल जात नव्हतं."

सासूबाईंनी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली. आलेलं पत्र आवक वहीत, गेलेलं पत्र जावक वहीत, आणि ज्याला मिळालं त्याची सही म्हणजे पोच. सही नसेल तर ते पत्र गेलंच नाही, मग साहेब काहीही म्हणोत. निवृत्त होऊन आता पंचवीसेक वर्षं झाली, पण वळण गेलेलं नाही. शेजारी दिवाळीचा फराळ पाठवला तरी तासाभरात यांचा फोन जातो, "डबा मिळाला ना? काय काय होतं त्यात, सांगा बरं."

'पोच' या शब्दाशी माझं जरा वाकडंच आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, उठायच्या बेतात असलेल्या चार पाहुण्यांना मी आपलेपणानं म्हणाले, "आता जेवूनच जा." ते थांबले. स्वयंपाकघरात दोन वाट्या भात आणि तळाला गेलेली आमटी होती. रात्री सासूबाई सासऱ्यांना सांगत होत्या ते मी ऐकलं, "पोरगी गुणाची आहे हो, पण पोच नाही." पुढची तीस वर्षं हे वाक्य माझ्या मागे फिरत राहिलं. कॉलेजात साठ मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी, घरी आल्यावर पोच नसलेली सून व्हायचे.

तर त्या दिवशी तेराव्याहून परत येताना लिफ्टमध्ये सासूबाई म्हणाल्या, "त्या चपला आठ नंबरच्या होत्या. ते सहा घालायचे. आता तिकडं फटक फटक करत चालतील बिचारे." मग लिफ्टमधून बाहेर पडता पडता जाहीर केलं, "माझं मी निवडणार. तुमच्यावर सोडलं तर मला गुलाबी छत्री मिळेल."

दुसऱ्या दिवशी लांबडी वही आली. पहिल्या पानावर पट्टीनं रेघा मारून तीन रकाने पाडले: वस्तू, कुणास दिली, पोच. मग त्यांनी आम्हाला नियम समजावून सांगितले. दुकानातून आणलेला सेट चालणार नाही, वस्तू स्वतःची, वापरातली हवी. घेणाराही वापरणारा हवा. त्यानं ती माळ्यावर टाकली तर ती तिथंच अडकली, तिकडं पोचत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे मेल्यावर करायचं नाही.

"जिवंतपणीच दिलं की सामान आधी जाऊन पडतं. मी गेल्यावर नुसतं उघडायचं," त्या म्हणाल्या.

माझा नवरा म्हणाला, "आई, हे काय भलतंच?" माझी मुलगी खराडीच्या एका आयटी कंपनीत आहे आणि आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करते. तिनं कानातला इअरफोन काढून विचारलं, "आजी, पण केबिन बॅगेज सात किलोच असतं हं. प्रायॉरिटाइझ कर."

ही सूचना सासूबाईंना मनापासून पटली. त्यांनी कपाट उघडलं, आणि माझी समजूत होती तसं काहीच झालं नाही. मला वाटलं होतं पाटल्या निघतील, चांदीचं तबक निघेल. पाटल्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "लॉकरमधलं लॉकरमध्येच असू दे. इतकी वर्षं तिथं सुखात आहे."

पलंगावर निघालं ते असं: गरम पाण्याची रबरी पिशवी, तिला फ्लॅनेलचा अंगरखा शिवलेला. आलं ठेचायचा मुठीएवढा पितळी खलबत्ता. मूठ तुटून परत बसवलेलं भिंग. एक इरकली साडी, काठ विरलेला. आणि निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या शिपायांनी कागदात गुंडाळून हातात ठेवलेला, बाद झालेला रबरी शिक्का. त्यावर एकच शब्द होता, 'जावक'.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"हा कुणालाच नाही. हा शेवटी माझ्यावरच मारा."

नवऱ्याला चहाचा ठसका लागला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि पुढच्या वस्तूकडे वळल्या.

पिशवी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना गेली, त्यांची कंबर धरते म्हणून. खलबत्ताही त्यांनाच, पण आठवडाभरानं, पिशवी वापरतात याची खात्री झाल्यावर. भिंग गेलं तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांकडे. सासूबाईंचं त्यांच्याशी पार्किंगवरून दहा वर्षं वैर आहे. "मला तो माणूस आवडत नाही. पण पेपर पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचतो. भिंगाचं चीज होईल." त्या गृहस्थांनी सही करताना भिंगातूनच पाहिलं, आणि पोचेच्या रकान्यात सासूबाईंनी समाधानानं लिहिलं, 'आहे'. इरकली मिळाली माझ्या मुलीला. ती पांढऱ्या बुटांवर नेसून ऑफिसला गेली. तिनं पाठवलेला फोटो सासूबाईंनी मोठा करून करून पाहिला. "बूट माझ्या यादीत नव्हते. पण असू दे, तिकडं चालायला बरे."

एकूण घरात मजा चालली होती. मरणाचा विषय रोज निघत होता आणि कुणी रडत नव्हतं. फक्त मी एकदा वही चोरून पाहिली. मावशी होत्या, भिंगवाले होते, नात होती, सकाळी फुलं टाकणारी बाई होती. माझं नाव कुठंच नव्हतं. वाईट वाटलं, का नाही वाटणार? तीस वर्षं एका ओट्यावर काढली होती आम्ही.

आणि एके दिवशी वही थांबली.

मी आमटी टाकत होते. कुकर चढवलेला होता. सासूबाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर येऊन बसल्या, वही मांडीवर. म्हणाल्या, "माझं सगळं रीतसर जाईल. पण यांची टोपी नाही पोचली."

सासरे सात वर्षांपूर्वी जानेवारीत गेले. ते थंडीला फार भ्यायचे. नवरात्र संपलं की त्यांच्या डोक्यावर कानटोपी चढायची, ती थेट होळीला उतरायची. ती टोपी सासूबाईंनी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत विणली होती. डाळिंबी रंगाची, आणि शेवटची तीन बोटं मोहरीच्या फुलासारखी पिवळी. लोकर कमी पडली होती आणि दुकानात ती छटा मिळेना. "लोक विचारायचे, ही काय फॅशन? तर हे म्हणायचे, सरकारी काम आहे, एवढ्यात झालं हेच नशीब."

हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"दवाखान्यात शेवटच्या चार दिवसांत सारखे म्हणत होते, टोपी आण, कान गार पडतात. मी म्हटलं, इथं टोपी घालून बसलात तर माकडासारखे दिसाल, नर्सा हसतील. मग फारच मागे लागले तेव्हा म्हटलं, उद्या आणते." त्यांनी वहीचा कोपरा दुमडला, परत सरळ केला. "उद्या कुठलं आलंय. तेराव्याला तरी द्यावी म्हणून शोधली, तर सापडली नाही. शेवटी दुकानातला सेट दिला. आता माझी निघायची वेळ आली, आणि हे तिकडं उघड्या कानांनी बसलेत. काय तोंड दाखवू?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. कारण टोपी मी दिली होती.

सासऱ्यांच्या बाराव्या दिवशी सकाळी भाजीवाला वर आला होता. लातूरकडचा माणूस, तेव्हाच पन्नाशीचा. रोज सकाळी मार्केट यार्डातून माल भरून टेम्पो आमच्या गेटाशी लावायचा आणि सासरे अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारत पाव किलो गवार निवडायचे. तो दारात उभा राहून डोळे पुसत होता. डोक्याला एक ओला टॉवेल गुंडाळलेला, कान लालबुंद. घरात माणसांची गर्दी. मी काही विचार केला नाही. दाराशेजारच्या खुंटीवरची टोपी काढली आणि त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सासूबाई टोपी शोधायला लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण 'पोच नाही' ऐकायची त्या दिवशी ताकद नव्हती. "कपड्यांच्या गाठोड्यात गेली असेल," असं म्हणाले आणि ते तसंच सात वर्षं चालू राहिलं.

तिसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. गाठोड्याच्या थापेसकट.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. वही मिटली. "माझा चहा तेवढा खोलीत आणून ठेव," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना नातीला सांगायच्या, "तुझ्या आईला सांग, आमटीत आज मीठ आहे." मुलगी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहायची. मी तिला एवढंच म्हटलं की माझ्या हातून चूक झालीय आणि शिक्षा चालू आहे. खरं तर शिक्षेचं मला काही वाटत नव्हतं. दवाखान्यातल्या त्या 'उद्या आणते'चं वाटत होतं. सात वर्षं मी गाठोड्याचं नाव सांगत होते आणि इकडे ही बाई मनात ते घेऊन बसली होती. तेव्हाच बोलले असते तर त्या दोन दिवस चिडल्या असत्या आणि विषय संपला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या, त्या बूट घालूनच.

"त्या माणसाचा नंबर आहे?"

होता. 'भाजी टेम्पो' या नावानं. लोक मोबाइलवरून भाजी मागवायला लागल्यावर त्यानं आमच्याकडे यायचं सोडलं होतं, पण दसऱ्याला सोन्याच्या शुभेच्छा न चुकता पाठवायचा. मी फोन लावला. म्हणाला, टेम्पो विकला, आता यार्डातच एका गाळ्यासमोर पालेभाजी घेऊन बसतो. या की, माय.

कर्वेनगरातून गुलटेकडीला आम्ही रिक्षानं निघालो. सासूबाई पर्स दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. डिसेंबरची सकाळ होती, चांगलीच बोचरी. मला एकच भीती होती. सात वर्षं झाली होती. टोपी फाटली असेल, हरवली असेल, त्याच्या सुनेनंही कुणाला तरी देऊन टाकली असेल.

यार्डात शिरल्यावर हमालांच्या "वाट, वाट!"मधून, ओल्या पाल्यावरून, सासूबाईंचा दंड धरून मी चालत होते. "सोड, मी पडत नाही," त्या म्हणाल्या. आणि तेवढ्यात मलाच दिसलं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांच्या ढिगामागे डाळिंबी रंग, खाली तीन बोटं पिवळा.

तो उठून उभा राहिला. पाया पडायला वाकला तर सासूबाई म्हणाल्या, "टोपी काढा."

तो गांगरला. माझ्याकडे बघितलं. टोपी काढून दिली. सासूबाईंनी ती उलटी केली, शिवण पाहिली, टाके बोटानं मोजत गेल्या. उजव्या कानाशी हिरव्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"आमच्या मालकिणीनं. उसवली व्हती जरा. बाबाची टोपी हाय ही, माय. ह्या ताईंनी दिल्ती." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. उघड्या डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "परत पायजे व्हय? न्या की. तुमचीच हाय ती."

सासूबाईंनी टोपी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मला वाटलं, आता ती पर्समध्ये जाणार. गेली असती तर मी काय बोलणार होते? त्यांचा हक्कच होता.

"कोथिंबिरीचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "रोज घालता?"

"दिवाळीपासून होळीपत्तर रोज. पाटं लई गार लागतंय हितं. हिच्याबिगर भागत नाही."

"सात वर्षं?"

"सात वर्सं."

त्यांनी हात वर करून टोपी स्वतःच त्याच्या डोक्यावर चढवली आणि दोन्ही बाजूंनी खाली ओढून कान नीट झाकले, तो माणूस नको नको म्हणत असताना. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे सात वर्षं पोचतेय. आणि मी इकडं उगाच जिवाला खातेय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले असते, म्हणून मी मेथीच्या जुड्या उचकू लागले.

पण आमच्या सासूबाई त्या सासूबाईच. डोळे पुसून झाल्याबरोबर पर्समधून वही निघाली. "इथं लिहा, टोपी मिळाली. आणि खाली सही." तो जुडीवर वही टेकवून, जीभ बाहेर काढून लिहीत बसला. त्यानं एक ओळ जास्तीची लिहिली. 'टोपी मिळाली. कान गरम हायेत.' सासूबाईंनी आयुष्यभर कुणाचं शुद्धलेखन सोडलेलं नाही, वाण्याच्या पाटीचंसुद्धा नाही. त्यांनी ते 'हायेत' वाचलं, आणि पेनाचं टोपण लावलं.

येताना रिक्षात आमच्या मांडीवर मेथीच्या सहा जुड्या होत्या, त्यानं बळेच दिलेल्या. आठवडाभर घरात मेथीचे पराठे, मेथीची भाजी, मेथीचं पिठलं. नवरा म्हणाला, वरती एखादी जुडी पाठवता येते का बघा.

मला वाटलं होतं की टोपीचा विषय आता मिटला. पण पुढच्या सोमवारी सासूबाईंनी नातीकडून डाळिंबी लोकर मागवली आणि दहा नंबरच्या सुया काढल्या. आता त्यांचा हात कापतो, दिवसाला चार ओळी होतात, त्यातली एक उसवते. मी विचारलं, ही कुणाला? "दिसेल," म्हणाल्या. संक्रांत आली, गेली. लोकर संपत आली तेव्हा मी म्हटलं, आणखी एक गुंडा मागवते, हल्ली सगळ्या छटा घरपोच मिळतात.

"नको. पिवळी आण."

टोपी पूर्ण झाली तेव्हा थंडी संपून गेली होती. खोलीत पंखा सुरू होता. त्यांनी मला बोलावलं, समोर बसवलं आणि टोपी माझ्या डोक्यावर ओढली. कानांशी भयंकर टोचत होती.

"ही मी तिकडं न्यायची. माझेही कान गार पडतात, मी बोलत नाही म्हणून काय झालं. पण पोचायला हवी तर इथं कुणीतरी रोज घालायला हवी. माळ्यावर टाकणार नाही असं माणूस हवं." त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. "कर सही."

घामाघूम होऊन मी वहीत पाहिलं. शेवटची नोंद होती. 'कानटोपी, एक.' पुढच्या रकान्यात, 'सूनबाई'. आणि त्याच्या पुढे, तिसऱ्या रकान्यात, त्यांच्या कापऱ्या पण सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'पोच: आहे.'

मी अजून सही केलेली नव्हती.